कोळकांदा : खानदेशच्या रानातला बदली कामगार

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं आहे.

आजचा विषय एका मेलमधून आला. जळगावच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "ऑनलाइन ते जांभळ्या गोळ्यासारखे फुलांचे कांदे मिळतात, शोभेचा अलियम म्हणतात, ते आपल्याकडे येतील का? आणि याचा काही इतिहास असेल तर तोही सांग." प्रश्न छोटा आहे, पण त्याचं उत्तर शोधता शोधता मी आपल्याच टेकडीवर येऊन पोहोचलो. म्हणून हा भाग.

आधी त्या जांभळ्या गोळ्याचं सांगतो. ते खरोखरच कांद्याचे भाऊबंद. मूळ घर मध्य आशिया, म्हणजे उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, इराण या बाजूचे डोंगर. एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्य त्या भागात पसरलं, तसे तिथले कंद सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानात येऊ लागले. तिथे एडुआर्ड रेगेल नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांची वर्णनं लिहिली. सगळ्यात उंच वाढणारा 'अलियम जायगँटियम' त्यानेच १८८३ मध्ये नोंदवला. पुढे हॉलंडच्या कंदवाल्यांनी त्याचा धंदा केला, आणि आज तो आपल्या मोबाइलच्या स्क्रीनवर आहे.

पण या कंदांना फूल यायला दोन-तीन महिने कडक थंडी लागते. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या कांद्याला डेंगळा येतो तो थंडी खाल्ल्यामुळेच. साध्या कांद्याला आपला हिवाळा पुरतो, पण डोंगरातल्या या भावाला पुरत नाही. जळगावात जानेवारीतही दुपारी घाम येतो, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन बसते. तो कंद पहिल्याच पावसाळ्यात सडतो. तेव्हा श्रोत्याला उत्तर: नाही येणार, पैसे वाचवा.

मग आपल्याकडे रानात उगवणारा, फुलणारा, कांद्यासारखा काही आहे का? आहे. कोळकांदा. कोणी रानकांदा म्हणतं, कोणी जंगली कांदा. आणि त्याचा इतिहास त्या जांभळ्या गोळ्यापेक्षा जास्त रंगीत आहे.

टेकडीवरचा कांदा

माझं आजोळ साक्री तालुक्यातलं. तिकडे पिंपळनेर बाजूला कांदा म्हणजे घरचा विषय. पण गावामागच्या मुरमाड टेकडीवर दुसराच एक कांदा असायचा. ऐन एप्रिलमध्ये, सगळं रान करपलेलं असताना, जमिनीतून एकच दांडा वर यायचा. पान एकही नाही. हातभर उंच काडी आणि तिला लांब देठांवर लटकलेली मळकट, हिरवट-तपकिरी, छोट्या घंटांसारखी फुलं. एकेक फूल दिवसभरही टिकत नाही, पण खालून वर अशी रोज नवी उमलत जातात. जूनमध्ये पाऊस पडला की दांडा गायब आणि पट्ट्यासारख्या हिरव्या पानांचा झुबका हजर. पावसाळा सरला की पानंही पिवळी पडून जातात, आणि पुढचे काही महिने तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही.

आजी म्हणायची, "हात नको लावू रे भो, खाज उठी." ते अगदी बरोबर होतं. या कांद्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी त्याला आज जे नाव दिलंय, 'ड्रिमिया इंडिका', त्यातला 'ड्रिमिया' ग्रीक शब्दावरून आलाय आणि त्याचा अर्थ आहे तिखट, झोंबणारा. म्हणजे आजीचं आणि ग्रीकांचं एकमत.

दिसायला हुबेहूब कांदा, पापुद्रे तसेच. पण कापल्यावर कांद्याचा वास नाही. कारण नातंच नाही. पूर्वी दोघांनाही लिलीच्या मोठ्या कुळात कोंबलेलं होतं. २००९ च्या वर्गीकरणात कांदा-लसूण एका घरात गेले आणि कोळकांदा शतावरीच्या घरात. तेव्हा नावात कांदा आहे म्हणून भाजीत टाकायचा विचार सुद्धा करू नका. हा विषारी आहे, आणि त्याचं विष थेट हृदयावर काम करतं. त्याचा सगळा इतिहास याच गुणामुळे घडलाय.

एका कांद्याची किती नावं

आम्ही कोड लिहिताना एकाच गोष्टीला चार ठिकाणी चार नावं दिली की सीनियर ओरडतात. कोळकांद्याच्या बाबतीत दोनशे वर्षं तेच चाललं.

संस्कृत निघंटूंमध्ये तो कोलकंद आणि वनपलांडू. कोल म्हणजे रानडुक्कर, पलांडू म्हणजे कांदा. आपला 'कोळकांदा' तिथूनच आलेला. इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याचं वर्णन 'सिला इंडिका' या नावाने केलं. रॉक्सबर्ग १८१५ मध्ये वारले, आणि त्यांचा 'फ्लोरा इंडिका' पूर्ण छापून यायला १८३२ साल उजाडलं. इकडे १८३४ मध्ये स्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाने अल्जीरियातल्या अशाच एका कांद्यासाठी 'अर्जिनिया' असा नवा गट केला. नाव कुठून आणलं? तिथल्या एका अरब टोळीवरून. १८४३ मध्ये कुंथ यांनी आपल्या कोळकांद्यालाही त्याच गटात टाकलं. म्हणजे साक्री-शिरपूरच्या टेकडीवरचा कांदा कागदोपत्री अल्जीरियाच्या टोळीत भरती झाला! तिथून १९७७ मध्ये जेसॉप यांनी त्याला 'ड्रिमिया'मध्ये हलवलं. जुन्या औषधी पुस्तकांत मात्र अजूनही 'अर्जिनिया'च सापडतं, म्हणून कोणी शोधायला बसलं तर दोन्ही नावं टाकून शोधा.

भूमध्य समुद्राचा कायम कामगार

आता मुख्य गोष्ट. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर या कोळकांद्याचा एक मोठा भाऊ आहे, समुद्रकांदा. इंग्रजीत त्याला स्क्विल म्हणतात. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसच्या औषधांच्या ग्रंथात तो आहे. ग्रीकांकडून तो अरबी वैद्यकात गेला. तिथे त्याला उन्सुल म्हणतात, आणि ग्रीक नावावरून आलेलं इस्कील हेही नाव आहे. सिरका आणि मध घालून त्याचं सिकंजबीन करायचं, खोकल्यावर आणि दम्यावर द्यायचं. युनानी हकीम हिंदुस्थानात आले तेव्हा समुद्रकांदा सोबत आला नाही, पण त्यांना इथे त्याच्यासारखाच रानकांदा दिसला. त्यांनी तो वापरायला घेतला. कोळकांद्याची ही पहिली बदलीवरची नोकरी.

बदली कामगार हा शब्द जळगाव, धुळे, अमळनेरच्या जुन्या घरांत अजून कळतो. गिरणी चालू असताना सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं. काम तेच करायचं, पण साचा त्याच्या नावावर. कोळकांद्याचं अगदी असंच झालं.

इंग्रजांच्या डॉक्टरांनाही समुद्रकांदा लागायचाच. छातीतला कफ सुटायला, आणि हृदय थकून अंगावर सूज आली की लघवी मोकळी व्हायला. तो माल्टा वगैरे ठिकाणांहून युरोपच्या बाजारात यायचा आणि तिथून जहाजाने मुंबईला. महाग, आणि वाटेत जुना होणारा. कंपनी सरकारला औषधांचा हा खर्च नको होता. इथेच एक महत्त्वाचा माणूस येतो, अलेक्झांडर गिब्सन. पेशाने डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख होते, आणि जुन्नरजवळ हिवरे इथे त्यांनी औषधी झाडांची लागवड चालवली होती. तिथला माल लष्कराच्या आणि सरकारी दवाखान्यांच्या औषधभांडारात जायचा. १८४७ मध्ये तेच मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८१८ मध्ये इंग्रजांकडे आलेला खानदेश आणि त्याचा सातपुडाही याच इलाख्यात. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचं 'बॉम्बे फ्लोरा' आलं. इलाख्यातल्या झाडाझुडपांची ही व्यवस्थित यादी.

पुढे मुंबईत विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 'फार्माकोग्राफिया इंडिका' लिहिलं, १८९० ते १८९३ या काळात. बाजारात औषध म्हणून काय विकतात, वैद्य आणि हकीम काय देतात, त्यात रसायन काय, असं सगळं त्यात आहे. आणि मग १९०० साली ब्रिटिश फार्माकोपियाची भारत आणि वसाहतींसाठी एक पुरवणी निघाली. फार्माकोपिया म्हणजे कोणतं औषध अधिकृत, ते कसं ओळखायचं, किती द्यायचं याचं सरकारी पुस्तक. त्या पुरवणीत अडुळसा आहे, कडुनिंब आहे, गुळवेल आहे, इसबगोल आहे, आणि 'अर्जिनिया' या नावाने आपला कोळकांदाही आहे. त्याचा सिरका, त्याचं सरबत, त्याचा अर्क, सगळे प्रकार समुद्रकांद्याचे जसे व्हायचे तसेच. बदली कामगाराला गेटपास मिळाला!

विसाव्या शतकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधं प्रयोगशाळेत तपासायला घेतली. १९३३ चं त्यांचं 'इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध आहे. जे इथे उगवतं ते बाहेरून का आणायचं, हा त्यांचा प्रश्न. कोळकांदाही त्या हिशेबात बसत होता.

आता या सगळ्या कहाणीत एक गोष्ट मला खटकते. हकीम, गिब्सन, डायमॉक, चोप्रा, सगळे आपापल्या जागी मोठे. पण प्रत्येक वेळी कोळकांद्याला विचारलेला प्रश्न एकच: तू समुद्रकांद्याचं काम करशील का? आणि उत्तर 'हो' आलं की पुढची पायरी म्हणजे रानात जाऊन खणणं. कोवळे कांदे काढायचे, काप करायचे, वाळवायचे, पोत्यात भरायचे. या व्यापाराचा माल मुख्यतः रानातूनच आला. अलियमचं बघा. तो रानातून आणला, पण मग वाफ्यात लावला, बी धरलं, वाढवला. आपल्या कांद्याला फक्त उपटलं गेलं.

एक इंजिनिअर आणि दोन जिल्ह्यांची यादी

कोळकांद्याकडे त्याच्यासाठी म्हणून बघणारेही होते. त्यातले एक माझे लाडके. थिओडोर कुक. हे मूळचे इंजिनिअर, आपल्या लाइनचे! बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी करायला आले, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य झाले. निवृत्तीनंतर त्यांनी 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिलं, १९०१ ते १९०८ या काळात ते निघालं. मी बी.टेक. करत असताना हे कोणी सांगितलं असतं तर लायब्ररीत जरा जास्त बसलो असतो.

आणि आपल्याकडचं काम तर अगदी अलीकडचं. धुळ्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या डी. ए. पाटील सरांनी २००३ मध्ये धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांची वनस्पती-सूची पुस्तकरूपात काढली. २००८ मध्ये क्षीरसागर आणि पाटील यांनी जळगाव जिल्ह्याची काढली. अशा यादीमागे किती पायपीट असते याचा अंदाज करा. सातपुड्याच्या घाटापासून तापीच्या काठापर्यंत प्रत्येक ऋतूत जायचं. कारण कोळकांद्यासारखं झाड फुलतं एप्रिलमध्ये आणि पानावर येतं जुलैमध्ये. एकदाच गेलात तर अर्धंच झाड दिसणार.

माझ्या आजोळची ती टेकडी आता अर्धीच उरलीय. मुरूम रस्त्याला गेला. कोणाला दोष देत नाही, रस्ता गावालाही हवाच होता. पण आपल्याकडे टेकडी म्हटलं की 'पडीक' असा शिक्का बसतो, आणि पडीक जमिनीवर काय होतं याची नोंद कोणी ठेवत नाही. कोळकांदा महाराष्ट्रात दुर्मिळ नाही, देशभर सापडतो. पण त्या टेकडीवरचा कोळकांदा त्या टेकडीबरोबर जातो. मामाच्या बांधावर मात्र पंधरा-वीस दांडे अजून येतात. त्यांचंच बी माझ्याकडे आहे. म्हणून आता लावायचं कसं ते सांगतो.

लावायचा कसा

पहिला नियम: रानातून कांदा खणून आणायचा नाही. यावल, अनेर ही अभयारण्यं आहेत, तिथून किंवा राखीव जंगलातून काहीही उपटणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, खणलेला एक कांदा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ. बी घ्या. तेही आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या बांधावरून, विचारून.

फुलं गेली की दांड्याला तीन कप्प्यांची बोंडं धरतात. ती वाळून उकलायला लागली की आत काळ्या, चपट्या, कागदासारख्या हलक्या बिया दिसतात. वाऱ्याने उडून जायच्या आधी काही बोंडं घ्या, सगळी नको. निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या.

माती: काळी माती एकट्याने अजिबात नको. दोन भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग माती, थोडं जुनं कुजलेलं शेणखत. कुंडी मातीची, खाली मोठं भोक. जमिनीत लावायचा असेल तर वीतभर उंच गादीवाफा करा, म्हणजे पाणी उभं राहणार नाही.

पेरणी: त्याच उन्हाळ्याचं ताजं बी, मृगाच्या सुमाराला. वरून बोटाच्या पेराइतकीसुद्धा माती नको, नुसती वाळूची चिमूट भुरभुरवा. पहिल्या वर्षी जे उगवतं ते गवताच्या काडीसारखं दिसतं. माझ्या आईने पहिली खेप तण समजून काढायला हात घातला होता, वेळेवर थांबवलं. कुंडीला चिठ्ठी लावून ठेवा.

पाणी: पावसाळ्यात पाऊस पुरतो. पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करा, मग पूर्ण बंद. हिवाळा आणि उन्हाळाभर कुंडी कोरडी. आपल्याला हेच सगळ्यात अवघड जातं, कारण रिकामी कुंडी दिसली की घरातलं कोणीतरी मायेने तांब्याभर पाणी ओततंच. त्याने कांदा सडतो. तुमच्या टेकडीवर मार्चमध्ये कोणी पाणी घालत नव्हतं, हे लक्षात ठेवा.

कांदा मोठा झाला की पुनर्लागवड करताना त्याची मान मातीच्या वर ठेवा. हातमोजे घाला. ऊन भरपूर. पश्चिमेची गच्ची, जिथे दुसरं काही जगत नाही, ती याला चालते. बियांपासून फूल यायला काही वर्षं लागतात. माझी रोपं दुसऱ्या पावसाळ्यात आहेत, पानं वीतभर झालीत, फूल अजून लांब आहे.

सावधान, खरोखर सावधान

पावसाळ्याच्या सुरुवातीला रानभाज्या निघतात, त्यात फोडशी, म्हणजे कुलूची भाजी, आवडीने खातात. तिची पानं आणि कोळकांद्याची पानं नवख्या माणसाला सारखी वाटू शकतात. फरक खाली असतो: फोडशीला मुळांचा झुबका, कोळकांद्याला ठसठशीत कांदा. जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय तोडू नका. घरात लहान मूल किंवा दारात शेळी असेल तर कुंडी उंचावर ठेवा. आणि इतिहासात औषध होतं म्हणून घरी काढा करण्याचा विचार मनातही आणू नका. औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत इथे फार कमी अंतर आहे, म्हणून तर त्याच्यासाठी सरकारी पुस्तक लागत होतं.

तर श्रोते मित्रा, तुझ्या मेलचं उत्तर एवढं. जांभळा गोळा जळगावात फुलणार नाही. कोळकांदा फुलेल, तोही ४४ अंशांत, पाण्याशिवाय, जेव्हा बाकीची गच्ची माना टाकून बसलेली असते. फूल मळकट रंगाचं आहे, इन्स्टाग्रामवर लाइक्स कमी मिळतील. पण ते इथलं आहे, आणि या वेळी कोणाच्या बदल्यात नाही.

तुमच्या गावाच्या टेकडीवर, कुरणात, बांधावर एप्रिलमध्ये असा बिनपानांचा दांडा दिसला तर फोटो काढा, तारीख आणि गाव लिहा, आणि मला पाठवा. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात तेही लिहा, अहिराणीतलं नाव असेल तर उत्तमच. सगळं जमलं की एक भाग फक्त त्यावर करू.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीला पाणी घालू नका!